दीपवृक्षाच्या मागावर

गेले कित्येक दिवस मी भेटेल त्याला एकच गोष्ट सांगत सुटले आहे. समोरचा घाईत असला तरी मला राहवत नाही, कारण गोष्टच तशी आहे.

साल इ. स. ५३४. जागा कॉन्स्टँटिनोपल, म्हणजे आजचं इस्तंबूल. सम्राट जस्टिनियनचा सेनापती बेलिसॅरियस उत्तर आफ्रिकेतलं व्हँडल लोकांचं राज्य बुडवून परतला आहे आणि त्याच्या विजयाची मिरवणूक निघाली आहे. कैद झालेला व्हँडल राजा गेलिमर खांद्यावर जांभळं वस्त्र घेऊन चालतो आहे. सोन्याची सिंहासनं, रत्नजडित दागिने, चांदीच्या राशी, सगळं लोकांपुढून नेलं जातं आहे. त्या लुटीत काही वस्तू अशा आहेत, की त्या पाहून गर्दीतला एक यहुदी माणूस जागच्या जागी थबकतो. तो सम्राटाच्या ओळखीतल्या एकाला गाठतो आणि सांगतो, की या वस्तू राजवाड्यात ठेवू नका. शलमोन राजाने त्या जिथे ठेवल्या, तिथेच त्या राहू शकतात. यांच्यापायीच व्हँडल राजा गेझेरिकच्या हाती रोमचा राजवाडा गेला आणि यांच्यापायीच आता व्हँडलांचा राजवाडा तुमच्या हाती आला.

निरोप सम्राटापर्यंत पोचला. जस्टिनियन घाबरला! ज्याच्या नावाने निम्मं भूमध्य कापत होतं, तो माणूस एका अनोळखी यहुद्याच्या बोलण्याने घाबरला आणि त्याने त्या सगळ्या वस्तू तडकाफडकी जेरुसलेमच्या ख्रिस्ती प्रार्थनास्थळांकडे रवाना केल्या.

हे लिहून ठेवलंय प्रोकोपियसने. तो बेलिसॅरियसचा सचिव होता आणि आफ्रिकेच्या स्वारीत त्याच्या बरोबर होता. म्हणजे ही कुणी शतकभराने रचलेली दंतकथा नव्हे. त्या यहुद्याचं नाव मात्र प्रोकोपियस देत नाही. मी तो परिच्छेद पहिल्यांदा वाचला तेव्हा पुस्तक मिटून खोलीत येरझाऱ्या घातल्या. मग पुन्हा उघडून वाचला.

त्या वस्तू म्हणजे साडेचारशेहून जास्त वर्षांपूर्वी रोमन सेनानी टायटसने जेरुसलेमचं मंदिर जाळून आणलेला खजिना. आणि त्या खजिन्यातलं सगळ्यात मानाचं रत्न होतं सात दिव्यांचा सोन्याचा दीपवृक्ष, मेनोरा.

प्राचीन इस्राएलच्या हरवलेल्या वस्तू म्हटलं की सगळे कराराच्या कोशाबद्दल, त्या पवित्र पेटीबद्दल बोलतात. त्यावर १९८१ मध्ये हॉलिवूडचा तो गाजलेला साहसपट आला आणि जगभरच्या लोकांनी कोशाचं गूढ मनात घर करून ठेवलं. पण कोशाचा माग फार लवकर तुटतो. इ. स. पू. ५८६ च्या सुमारास बाबेलच्या सैन्याने पहिलं मंदिर उद्ध्वस्त केलं आणि त्यानंतर कोश डोळ्यांनी पाहिल्याचं कुणी सांगत नाही. नंतर बांधलेल्या दुसऱ्या मंदिरात तो नव्हताच. दीपवृक्षाचं तसं नाही. त्याला पाहिलेली माणसं आहेत, त्यांना नावं आहेत, त्याचं दगडात कोरलेलं चित्र आहे, चोरांची यादी आहे. एका लुटारूकडून दुसऱ्याकडे, एका राजधानीतून दुसरीत, समुद्र ओलांडून तो जातो आणि आपण पानं उलटत त्याच्या मागे धावत राहतो. इतका लांबवर दिसत राहून मग हरवलेली वस्तू मला तरी दुसरी माहीत नाही.

आधी तो होता कसा, ते सांगते. बायबलच्या निर्गम या पुस्तकात त्याच्या घडणीच्या सूचना आहेत आणि त्या वाचताना एखाद्या सोनाराच्या शेजारी बसल्यासारखं वाटतं. एक किक्कार शुद्ध सोनं, म्हणजे आजच्या हिशेबाने तीस किलोच्या वर. तेही जोडकाम करून नाही, ठोकून घडवलेलं अखंड काम. मधला एक खांब, त्याला दोन्ही बाजूंनी तीन तीन शाखा. प्रत्येक शाखेवर बदामाच्या फुलाच्या आकाराच्या तीन वाट्या, मधल्या खांबावर चार. मोजा, बावीस होतात. त्यांच्या जोडीला बोंडं आणि फुलं. माथ्यावर सात दिवे. ऑलिव्हचं शुद्ध तेल, वाती, आणि संध्याकाळपासून सकाळपर्यंत तो तेवत ठेवण्याची याजकांवरची कायमची जबाबदारी. वाती सारायचे चिमटे आणि ताटल्यासुद्धा सोन्याच्या. आपल्या देवघरातली पितळी समई माणसाच्या उंचीची झाली, तिला फांद्या फुटल्या आणि त्या फुलल्या, तर काय दिसेल, तसं काहीतरी माझ्या डोळ्यांपुढे येतं. तालमूद या यहुदी धर्मग्रंथातले विद्वान त्याची उंची अठरा मुठी सांगतात.

हनुक्का सणात घरोघरी लागतो तो दिवा वेगळा. त्याला नऊ ज्योती असतात. मंदिरातल्या दीपवृक्षाच्या सात. आणि तसा हुबेहूब सात दिव्यांचा दीपवृक्ष घरी वापरायला घडवू नये, असं यहुदी धर्मशास्त्र सांगतं.

बरं, तो एकच होता का? इथूनच माझी झोप उडायला सुरुवात झाली. शलमोनाच्या, म्हणजे पहिल्या मंदिरात दहा दीपवृक्ष होते, पाच उजवीकडे, पाच डावीकडे. बाबेलच्या लोकांनी नेलेल्या लुटीच्या यादीत दीपवृक्ष आहेत. दुसऱ्या मंदिरात पुन्हा घडवला गेला. इ. स. पू. १६९ मध्ये ग्रीक-सीरियन राजा अँटायोकस एपिफेनिसने मंदिरात घुसून सोन्याचा दीपवृक्ष उचलून नेला. पुढे मक्काबी भावांनी बंड करून मंदिर परत मिळवलं, शुद्ध केलं आणि इ. स. पू. १६४ मध्ये नवा दीपवृक्ष उभा करून पेटवला. त्याचीच आठवण म्हणजे हनुक्का. तालमूदमधली एक नोंद मला फार हलवून गेली. त्या मक्काबींकडे सोनं नव्हतं, म्हणून त्यांनी लोखंडी सळ्या घेतल्या आणि वर कथिल चढवलं. थोडी ऐपत आल्यावर चांदीचा केला. आणखी ऐपत आल्यावर सोन्याचा. लढाईतून नुकती बाहेर पडलेली, हातात काही नसलेली माणसं, पण पहिलं काम दिवा लावण्याचं!

आणि इथेच आपलं कोकण या गोष्टीत येतं. मला ते कळलं तेव्हा मी अक्षरशः ओरडले. बेने इस्रायल समाजाची परंपरा सांगते, की त्यांच्या पूर्वजांचं गलबत अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या आणि इथेच राहिल्या. त्यांनी तेल गाळायचा धंदा धरला. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून गावाने त्यांना शनिवार तेली म्हटलं. या समाजाचे इतिहासकार हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आपल्या लोकांचा इतिहास लिहिला. तो छापून आला १९३७ मध्ये, तेल अवीवला. केहिमकरांचा एक तर्क असा, की आपल्या जुन्या लोकांना हनुक्का माहीतच नव्हता, त्या अर्थी आपले पूर्वज मक्काबींच्या विजयाच्या आधी, अँटायोकसच्या जाचाच्या काळात मायदेशातून निघाले असावेत. इतर अभ्यासकांना हा काळ मान्य नाही, त्यांचे अंदाज बरेच वेगळे आहेत. पण केहिमकरांचं खरं मानलं, तर बघा काय होतं! जेरुसलेममध्ये दिवा परत लागल्याची बातमी निघायच्या आधीच ही माणसं समुद्रावर होती. तो लोखंडी सळ्यांचा दिवा, ते कथिल, तो आनंद, यातलं काहीच त्यांच्यापर्यंत आलं नाही. आणि तरीही शनिवार त्यांनी सोडला नाही. घाण्यातून पडणाऱ्या तेलाच्या धारेकडे बघताना त्यांच्यातल्या कुणा म्हाताऱ्याला मंदिरातले सात दिवे आठवत असतील का, हा प्रश्न मला अजून सोडत नाही.

पुढचं झपाट्याने सांगते. इ. स. पू. ६३ मध्ये रोमन सेनापती पाँपे मंदिराच्या आत शिरला, दीपवृक्ष आणि भाकरी ठेवायचं सोन्याचं मेज डोळ्यांनी पाहिलं आणि कशालाही हात न लावता बाहेर आला. ही नोंद यहुदी इतिहासकार जोसेफसची. सुमारे पंचवीस वर्षांनी मक्काबींच्या हास्मोनी घराण्यातला शेवटचा राजा मत्तथ्या अँटिगोनस याने काशाचं एक नाणं पाडलं, एका बाजूला दीपवृक्ष, दुसऱ्या बाजूला भाकरींचं मेज. शत्रू दाराशी असताना राजाने नाण्यावर आपला चेहरा न छापता दिवा छापला.

मग इ. स. ७०. टायटसचं सैन्य, वेढा, उपासमार, आग. मंदिर पुन्हा जळालं.

रोममध्ये मी टायटसच्या कमानीखाली उभी राहिले, ती त्याच दिवसांत वाचायला घेतलेल्या जोसेफसच्या जोरावर. टायटस मेल्यावर, इ. स. ८१ च्या सुमारास त्याच्या भावाने, सम्राट डोमिशियनने ती उभारली. बरोबरचे लोक कोलोसियमकडे पुढे निघून गेले आणि मी मात्र दक्षिणेकडच्या आतल्या भिंतीकडे मान वर करून राहिले. माथ्यावर पानांचे मुकुट घातलेले, हातात शस्त्र नसलेले शिपाई, खांद्यावर दांडे, दांड्यांवर भाकरींचं मेज, कर्णे आणि दीपवृक्ष. तो केवढा मोठा आहे! माणसं त्याच्या ओझ्याने पुढे वाकलेली वाटतात. उजवीकडे एक दरवाजा आहे आणि मिरवणूक त्यात शिरते आहे. संगमरवर आता पांढरा पडलाय, पण एके काळी हे सगळं रंगवलेलं होतं. २०१२ मध्ये न्यूयॉर्कच्या येशिवा विद्यापीठाचे प्राध्यापक स्टीव्हन फाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रकाशाच्या वर्णपटाची तपासणी केली, तेव्हा दीपवृक्षावर पिवळ्या गेरूचे कण सापडले. सोनं दाखवण्यासाठी दिलेला पिवळा रंग. निळ्या आकाशाखाली तो पिवळा दीपवृक्ष शिपायांच्या डोक्यावरून चालला आहे, असं चित्र त्या काळच्या रोमन माणसाला रोज येता-जाता दिसत होतं.

कित्येक पिढ्या यहुदी लोक या कमानीखालून जात नसत. नोव्हेंबर १९४७ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी पॅलेस्टाइनच्या फाळणीचा ठराव केला, त्यानंतर रोमचे यहुदी इथे जमले. आणि १९४९ मध्ये इस्रायलने राजचिन्ह ठरवलं, त्यातला दीपवृक्ष थेट या दगडावरून घेतलेला आहे. जेत्याने आपल्या विजयाची खूण म्हणून कोरलेली आकृती हरलेल्यांनी अठराशेहून जास्त वर्षांनी आपली म्हणून उचलली.

जोसेफसचं वर्णन याच चित्राशी जुळतं. हा जोसेफस स्वतः जेरुसलेमच्या याजक घराण्यातला. रोमविरुद्धच्या बंडात तो गालीलचा सेनानी होता, पुढे रोमनांना शरण गेला आणि त्यांच्या आश्रयाने इतिहास लिहीत बसला. इ. स. ७१ मध्ये रोममध्ये निघालेल्या विजयाच्या मिरवणुकीबद्दल तो सांगतो, की दीपवृक्ष सोन्याचा होता, घडण आपल्या रोजच्या वापरातल्या दिवट्यांपेक्षा निराळी, मधला खांब बैठकीत रोवलेला, त्यातून बारीक शाखा त्रिशूळासारख्या निघालेल्या आणि प्रत्येकीच्या टोकाला दिवा. याजकाचा मुलगा हे लिहितो आहे. शत्रूच्या राजधानीत आपल्या देवघरातला दिवा खांद्यांवरून जाताना पाहिल्यावर त्याच्या मनात काय चाललं असेल, ते तो लिहीत नाही. मला ती जागा वाचवत नाही आणि तरी मी तिथे पुन्हा पुन्हा जाते.

आता खरी गंमत. त्याच जोसेफसच्या त्याच पुस्तकात, थोडं आधी, जवळपास ओझरतं एक वाक्य येतं. मंदिर जळाल्यावर थेबूथीचा मुलगा येशू नावाच्या एका याजकाने जिवाच्या बदल्यात रोमनांना काही वस्तू काढून दिल्या. मंदिराच्या भिंतीतून त्याने बाहेर काढले दोन दीपवृक्ष, मंदिरात होते तसेच! शिवाय मेजं, कटोरे, थाळ्या, सगळं भरीव सोन्याचं. मिश्ना या धर्मग्रंथातही तेच सापडतं. मंदिरातल्या सगळ्या पात्रांचे दुसरे आणि तिसरे संच तयार असत, पहिल्याला विटाळ झाला तर दुसरा आणता यावा म्हणून.

दुसरे आणि तिसरे! मग रोमच्या रस्त्यावरून मिरवला तो कोणता? रोज रात्री तेवणारा, की भिंतीतून काढून दिलेल्या दोघांपैकी एक?

यात आणखी एक धागा आहे. कमानीवरच्या दीपवृक्षाची बैठक अष्टकोनी, दोन टप्प्यांची, तिच्यावर समुद्रातले राक्षसी प्राणी. मंदिरात असं काही असेल, यावर विश्वास ठेवणं कठीण. त्याउलट २०११ मध्ये जेरुसलेममध्ये पुरातत्त्व खात्याच्या एली शुक्रोन यांनी हैफा विद्यापीठाच्या रॉनी राइख यांच्यासह एका प्राचीन गटाराचं उत्खनन केलं, तेव्हा तिथे एक दगड मिळाला. शहर पडत असताना लोक याच गटारांत लपून बसले होते. दगडावर कुणीतरी टोकदार हत्याराने दीपवृक्ष ओरबाडून काढला आहे आणि त्याची बैठक तीन पायांची आहे. त्याच गटारात रोमन शिपायाची तलवारही सापडली, चामड्याच्या म्यानासकट. त्या दोन वस्तू एकाच ठिकाणी! आणि २००९ मध्ये गालील सरोवराच्या काठी, मग्दाला गावातल्या सभास्थानात एक कोरीव दगड निघाला, त्यावरही दीपवृक्ष आहे आणि तो मंदिर उभं असतानाचा आहे. कोरणाऱ्याने जेरुसलेमला जाऊन खरा दीपवृक्ष पाहिला असेल, असं बऱ्याच अभ्यासकांना वाटतं. मला तर ते वाटल्यावाचून राहवतच नाही. रोमन शिल्पकाराने बैठक बदलली, की मिरवणुकीसाठी रोमनांनीच नवी बैठक बसवली, यावर विद्वान अजून भांडतात. तिसरी शक्यता मला सगळ्यात ओढते: हा दीपवृक्षच वेगळा होता.

रोममध्ये सम्राट व्हेस्पेशियनने शांतिदेवतेचं मंदिर बांधलं, इ. स. ७५ मध्ये ते खुलं झालं आणि दीपवृक्ष तिथे ठेवला गेला. जेरुसलेमच्या मंदिराचा पडदा आणि नियमशास्त्राची गुंडाळी मात्र राजवाड्यात गेली. याला दुजोरा यहुदी बाजूनेही आहे. रोमला गेलेल्या रब्बींनी तिथे दीपवृक्ष आणि पडदा पाहिल्याच्या आठवणी त्यांच्या ग्रंथांत आहेत. शांतिदेवतेच्या मंदिराचा एक भाग आज सांती कोस्मा ए दामियानो या चर्चमध्ये सामावलेला आहे, फोरमच्या अगदी काठावर. इ. स. १९२ मध्ये ते मंदिर जळालं. प्रसिद्ध वैद्य गॅलेनची पुस्तकं आणि औषधं त्याच आगीत शेजारच्या गोदामात खाक झाली. दीपवृक्ष वाचला का? प्रोकोपियसवर विश्वास ठेवला, तर खजिना वाचला.

पण प्रोकोपियस दोन ठिकाणी दोन गोष्टी सांगतो! एका ठिकाणी म्हणतो, की इ. स. ४१० मध्ये रोम लुटणाऱ्या आलारिकने शलमोनाचा खजिना नेला, त्यात पाचू जडवलेली पात्रं होती आणि पुढे तो गॉलमधल्या कार्कासोन गावी होता. दुसऱ्या ठिकाणी म्हणतो, की टायटसने आणलेला यहुद्यांचा खजिना इ. स. ४५५ मध्ये गेझेरिकने नेला. आळस असेल, गोंधळ असेल. पण ज्याच्या कानात त्या मिश्नातल्या दुसऱ्या-तिसऱ्या संचांचं वाक्य घुमतंय, त्याला यात विसंगती दिसतच नाही. खजिन्याची वाटणी झाली असणार. एक वाटा पश्चिमेला, एक दक्षिणेला.

गेझेरिकची लूट चौदा दिवस चालली. ज्युपिटरच्या मंदिराचं सोन्याचा मुलामा दिलेलं अर्धं छप्परसुद्धा उचकटून नेलं. परतीच्या वाटेवर मूर्तींनी भरलेलं एक गलबत बुडालं, बाकीची व्हँडलांच्या राजधानीला, कार्थेजला पोचली. हे वाचताना माझा श्वास अडकला होता, पण बुडालेल्या गलबतात मूर्ती होत्या, असं प्रोकोपियस स्वच्छ सांगतो.

नंतर जवळजवळ ऐंशी वर्षं आफ्रिका. इ. स. ५३३ मध्ये बेलिसॅरियस उतरला. गेलिमरने आपला खजिना एका गलबतात भरून हिप्पो बंदरात, म्हणजे आजच्या अल्जीरियातल्या अन्नाबाला ठेवला होता. बोनिफेस नावाच्या कारकुनाला हुकूम असा, की राज्य बुडायची चिन्हं दिसली तर स्पेनला निघ. चिन्हं दिसली, तो निघाला आणि वारा फिरला. गलबत पुन्हा पुन्हा हिप्पोलाच येऊन लागलं. शेवटी बोनिफेस शरण आला. दीपवृक्ष याच गलबतात होता, असं मला मनापासून वाटतं. वाऱ्याची दिशा बदलली नसती, तर आज आपण त्याचा माग स्पेनमध्ये काढत असतो. इकडे डोंगरात वेढलेला गेलिमर शत्रूकडे तीन वस्तू मागतो: एक पाव, डोळे पुसायला एक स्पंज, आणि आपल्या दुर्दैवावर रचलेलं गाणं म्हणायला एक वीणा. त्या मिरवणुकीत कॉन्स्टँटिनोपलच्या रिंगणात पोचल्यावर तो रडला नाही. सगळं फोल आहे, या अर्थाचं उपदेशकाच्या पुस्तकातलं वचन पुटपुटत राहिला. ते पुस्तक परंपरेने शलमोनाचं! म्हणजे ज्याच्या मंदिराची पात्रं पलीकडून चालली होती, त्याचेच शब्द एका कैदी राजाच्या तोंडी होते. प्रोकोपियसने हा योग टिपला की नकळत लिहिला, देव जाणे.

मग तो अनामिक यहुदी पुढे येतो आणि खजिना जेरुसलेमला परत जातो. पाठवलेल्या वस्तूंत दीपवृक्ष होता, असं प्रोकोपियस नाव घेऊन म्हणत नाही, हे मी विसरत नाही. पण टायटसच्या लुटीचा मुकुटमणी सोडून बाकीच्या ताटल्यांना एखादा यहुदी गर्दीतून ओळखेल, यावर माझा विश्वास बसत नाही.

इथून पुढे शांतता. इ. स. ६१४ मध्ये इराणी सैन्याने जेरुसलेम लुटलं आणि ख्रिस्ताचा क्रूस उचलून नेला. सम्राट हेराक्लियसने तो पुढे परत आणला, त्याचा केवढा उत्सव झाला, इतिहासकारांनी पानंच्या पानं भरली. दीपवृक्षाबद्दल एक ओळ नाही. तेव्हा तो तिथे असता, तर कुणीतरी काहीतरी लिहिलं असतं, की नसतं? ख्रिस्ती लेखकांना त्याची किती पर्वा होती? मी दोन्ही बाजूंनी स्वतःशी वाद घालते आणि रोज वेगळी बाजू जिंकते.

अफवा हव्या तेवढ्या आहेत. कुणी तो टायबर नदीत आहे म्हणतं. बाराव्या शतकात रोमला गेलेला यहुदी प्रवासी बेंजामिन ऑफ टुडेला तिथल्या यहुद्यांचं म्हणणं नोंदवतो, की टायटसने आणलेली पात्रं एका गुहेत आहेत. व्हॅटिकनच्या तळघराची आवई तर इतकी पक्की, की १९९६ मध्ये इस्रायलच्या एका मंत्र्यांनी पोपच्या भेटीत तो विषय काढला होता. २०१७ मध्ये व्हॅटिकन आणि रोमच्या यहुदी संग्रहालयाने मिळून मेनोरावर एक मोठं प्रदर्शन भरवलं, मग्दालाचा दगड त्यात होता. मला ते चुकल्याची हळहळ वाटते. तळघराच्या गोष्टीत मात्र मला रस नाही. तिला ना साक्षीदार, ना तारीख.

माझं स्वतःचं मत विचाराल, तर मिरवणुकीतला दीपवृक्ष वितळला. कार्थेजमध्ये नसेल तर जेरुसलेममध्ये, ६१४ च्या त्या दिवसांत. तीस किलो सोनं लुटारूच्या हाती आल्यावर फुलं आणि बोंडं टिकत नाहीत. पण मन तिथे थांबत नाही, कारण हिशेब पुरा होत नाही. थेबूथीच्या मुलाने दोन दिले. तेवणारा एक होता. आणखी कुणी याजकांनी, ज्यांना जिवापेक्षा दिवा मोठा वाटला, त्यांनी कुठे काय पुरलं?

म्हणून सध्या मी ताम्रपटात बुडाले आहे. १९५२ मध्ये मृत समुद्राजवळ कुमरानच्या तिसऱ्या गुहेत तांब्याच्या दोन गुंडाळ्या सापडल्या. तांबं इतकं गंजलेलं, की उलगडता येईना. शेवटी मँचेस्टरला नेऊन बारीक करवतीने त्याच्या पट्ट्या कापल्या, तेव्हा कुठे वाचता आलं. धर्माचं एक अक्षर त्यात नाही. आहे ती सरळ यादी: अमुक हौदात, तमुक पायरीखाली, इतके हात खोल, इतकं सोनं, इतकी चांदी, इतकी पात्रं. साठाहून जास्त ठिकाणं. हा जेरुसलेमच्या मंदिराचाच लपवलेला ऐवज, असं मानणारे अभ्यासक बरेच आहेत. काहींना सगळीच कल्पित कथा वाटते, पण कल्पित कथा कुणी महागड्या तांब्यावर ठोकून ठोकून लिहीत नाही. ताम्रपटाचे अभ्यासक जॉन अलेग्रो यांनी १९६० च्या सुमारास त्या जागा खणून पाहिल्या आणि हाती काही लागलं नाही.

आणि त्या यादीची अगदी शेवटची नोंद! एका खड्ड्याचा पत्ता देऊन ती सांगते, की तिथे या दस्तऐवजाची दुसरी प्रत ठेवली आहे, खुलाशासह, मोजमापांसह, एकेका वस्तूच्या तपशिलासह. म्हणजे पात्रांचे दुसरे संच ठेवणाऱ्या माणसांनी यादीचाही दुसरा संच ठेवला होता. पहिली प्रत अम्मानच्या संग्रहालयात काचेमागे आहे. दुसरी अजून कुणाला सापडलेली नाही.